सासूबाईंची तोंडी तक्रार

मास्तरांना घर हवं होतं आणि ते सुटं हवं होतं. भिंतीला भिंत लागलेली नको, वर कोणी नको, खाली कोणी नको, समोर तान्हं बाळ नको आणि शेजारी रात्रपाळीवाला तर मुळीच नको. कारण मास्तर ट्रंपेट शिकवायचे. नवशिक्याच्या ट्रंपेटमधून काय काय बाहेर पडतं ते ज्याने ऐकलं नाही, त्याने आपल्या नशिबाचे आभार मानावेत. मास्तर स्वतः वाजवायचे ते सुरेखच. पण त्यांची पाळी यायची कधी? सकाळी एक तुकडी, संध्याकाळी दुसरी, आणि सगळे गाल फुगवून एकच सूर पुन्हा पुन्हा चुकवणार. गल्लीत त्यांना भोंगा मास्तर म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण दार लावून घेण्याच्या आधीच म्हणत, त्यामुळे त्यांना ते व्यवस्थित ऐकू यायचं.

या ट्रंपेटपायी तीन घरमालकांनी त्यांना बाहेरची वाट दाखवली होती. चौथ्याने नुकतंच येऊन सांगितलं, की महिनाअखेरीस एक तर ट्रंपेट सोडा नाहीतर जागा सोडा. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती आणि बोलायला अगदी रोखठोक. ती म्हणाली, ट्रंपेट सोडून तुम्ही दिवसभर घरात बसलात तर जागा मीच सोडेन. तेव्हा आता भाड्याबिड्याची भानगड नको, स्वतःचंच घर घ्यायचं असं ठरलं.

आणि घर सापडलंही. एका बाजूला लाकडाची वखार, तिथे दिवसभर करवत किंचाळतेय. दुसऱ्या बाजूला जुनं गोदाम, मागे मोकळी जागा. मध्ये हे दोन मजली घर, सुतारकाकांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. काकांचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते, म्हणून ते मुलीकडे राहायला निघाले होते. गिऱ्हाईकं बरीच आली. एक फर्निचरवाला तर रोज चकरा मारत होता, त्याला तिथे सोफे ठेवायचे होते. पण काकांचं म्हणणं एकच, घर ज्याला मनापासून आवडेल त्यालाच देणार. मास्तर मागच्या खोलीत गेले, त्यांनी एक टाळी वाजवली आणि भिंतींनी ती कशी परत केली ते डोळे मिटून ऐकत उभे राहिले. काकांनी ते दारातून पाहिलं आणि तिथल्या तिथे शब्द दिला.

बायकोने एकच अट घातली. आधी नगरपालिकेत जाऊन बघून यायचं, घरावर दुरुस्तीची नोटीस आहे का. नोटीस माणसावर नसते, घरावर असते. घर विकलं की नोटीसही नव्या मालकाच्या गळ्यात पडते. तिच्या दुकानातल्या एका बाईने हौसेने घर घेतलं आणि मग अख्खी गॅलरी पाडून नव्याने बांधत बसली. तेव्हा नोटीस नसल्याचा दाखला हातात आल्याशिवाय सही करायची नाही, असं तिने बजावलं. इथपर्यंत सगळं शहाणपणाचंच होतं हो. पण तिला सुट्टी मिळेना, आणि मास्तर एकटे गेले तर खिडकीवरचा माणूस 'उद्या या' म्हणेल आणि हे 'बरं' म्हणून परत येतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने सोबतीला आपल्या आईला धाडलं.

आता सासूबाईंविषयी सांगायलाच हवं. सासूबाई यांच्याकडेच राहायच्या, आणि तशा मनाने वाईट मुळीच नव्हत्या. पण जी वस्तू घ्यायची तिला आधी पोटभर नावं ठेवायची, ही त्यांची जन्माची सवय. वांगी घ्यायची असली की ती किडकी, कापड घ्यायचं असलं की ते पहिल्या धुण्यात जाणार, कढई घ्यायची असली की तिला बूडच नाही. दुकानदार रडकुंडीला यायचा आणि भाव उतरवायचा. मग सासूबाई तीच कढई पुढे वर्षानुवर्षं कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मुलीने मास्तरांना पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्यांनाही त्या अर्धी दुपार नावं ठेवत होत्या. उंची कमी, पगार कमी, कान मोठे. मास्तर तेव्हापासून सासूबाईंसमोर तोंड उघडायला धजत नसत. छातीत एवढा दम असलेला माणूस, पण आईंपुढे आवाज म्हणून फुटायचा नाही.

घर बघायला गेले तेव्हा सासूबाईही गेल्या होत्या. मुलीने त्यांना आधीच शपथ घातली होती, की काकांसमोर घराबद्दल एक अक्षर काढायचं नाही. सासूबाईंनी शब्द पाळला. ओठ घट्ट मिटून त्या वर-खाली सगळीकडे फिरल्या, जिन्यावर थांबल्या, खिडक्या उघडून पाहिल्या, भिंतींवर बोटं वाजवली आणि एक अक्षर न काढता घरी आल्या. पण न बोललेलं जिरतं थोडंच? सगळं पोटात तसंच राहिलं होतं.

नगरपालिकेचा दुरुस्ती विभाग इमारतीच्या मागल्या अंगाला होता. लांबट खोली, छतापर्यंत लोखंडी घोडे, त्यांवर सुतळीने बांधलेले गठ्ठे आणि पुढे सरकत्या काचेची एक खिडकी. खिडकीमागे बसलेले कारकून मोठे टापटिपीचे होते. पेन्सिलींना टोकं केलेली, चहाच्या कपावर झाकण, आणि अक्षर असं की बघत राहावं. त्यांच्या डोक्यावर एक पाटी होती. या खिडकीवर इमारतीविषयी जे जे बोललं जाईल ते ते नोंदवलं जाईल, असं तीवर लिहिलेलं. त्याचं असं झालं होतं, की पूर्वी कोणीतरी येऊन सहज म्हणालं, अमक्या घराचा सज्जा हलतोय. तेव्हाच्या कारकुनाने मान डोलावली आणि सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात सज्जा नगराध्यक्षांच्या मोटारीवर येऊन बसला. तेव्हापासून हा नियम होता. मास्तरांनी पाटी वाचली. सासूबाई चष्मा घरी विसरल्या होत्या.

मास्तरांनी चाचरत रस्ता आणि घर सांगितलं. कारकुनांनी त्या रस्त्याचा गठ्ठा काढला, सुतळी सोडली आणि एकेक कागद उलटायला लागले. वखारीवर नोटिसा होत्या, गोदामावर तर ढीगभर. कारकून शेवटच्या कागदापर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून पाहून आले आणि म्हणाले, या घरावर काही नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. दाखला लिहायला कारकुनांनी कोरा कागदही ओढला होता. तिथेच गप्प बसायचं ना या कारकुनांनी. पण नाही. त्यांना बरं वाटलं म्हणून ते जाता जाता बोलून गेले, की एवढ्या जुन्या घरावर एक तक्रार नाही, असं घर हल्ली शोधून मिळत नाही.

झालं. काउंटरमागचा माणूस मालाची तारीफ करतोय म्हटल्यावर सासूबाईंचे कान उभे राहिले. त्यांच्या हिशेबी काउंटरमागे जो कोणी बसतो तो विकणाराच. त्या पदर सावरून पुढे सरकल्या आणि त्यांनी कारकुनांना विचारलं, की तुम्ही बघितलंय का ते घर? आम्ही बघितलंय. आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. जिना असा करकरतो की चोरसुद्धा लाजून परत जाईल. खिडक्या केवढाल्या, वारा सुटला की माणूस उडून वखारीत पडेल. दारं इतकी जड की उघडता उघडता पाहुणा निघून जाईल. वरच्या मजल्याची जमीन उतरती. स्वयंपाकघराचं धुराडं नावापुरतं. उत्तरेची भिंत दाढ सुजल्यासारखी फुगलेली. आणि मागची खोली तर खोली नव्हेच, भुयार आहे भुयार.

मास्तर मागून त्यांचा पदर ओढत होते. "आई," एवढंच त्यांच्या तोंडून आलं, तेही श्वासासारखं. इकडे कारकुनांनी कोरा कागद बाजूला ठेवला होता, दुसराच छापील कागद घेतला होता आणि ते झरझर लिहीत होते. आपलं बोलणं कोणीतरी एवढ्या आदराने उतरवून घेतंय हे सासूबाईंच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. त्या खुलल्या. कारकून मागे पडू नयेत म्हणून त्या सावकाश बोलायला लागल्या, मध्येच थांबून "लिहिलंत?" असं विचारायला लागल्या. शेवटी त्यांनी जावयाकडे बोट केलं आणि सांगितलं, की त्यात हे आमचे जावई तिथे वाजवणार, म्हणजे उरलंसुरलं तेही पडेल. कारकुनांनी तेही लिहिलं. मग कागद फिरवून पुढे केला आणि सासूबाईंनी ऐटीत सही ठोकली.

मास्तरांनी दाखल्याचं विचारलं. कारकून म्हणाले, आता कसला दाखला? तोंडी तक्रार दाखल झाली ना. निरीक्षक जाऊन पाहतील, जे खरं निघेल त्याची नोटीस लागेल, आणि तक्रार निकालात निघेपर्यंत ते घर कोणाला विकता येणार नाही. ते अगदी सौम्यपणे सांगत होते, पण मास्तरांची पाचावर धारण बसली. बाहेर आल्यावर सासूबाई मात्र खुशीत होत्या. एवढं सगळं लिहून घेतलंय तर आता भाव उतरणारच, असं त्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक हातोडी आणि बॅटरी घेऊन सुतारकाकांच्या दारात हजर. त्यांनी कागद वाचत वाचत घर ठोकून पाहिलं. काका मागे मागे हिंडत ऐकत होते. जिना, खिडक्या, दारं, एकेका वस्तूचा उद्धार झालेला. ती सागवानी दारं काकांनी कोणाकडून करून घेतली नव्हती, स्वतः केली होती, बायकोच्या पसंतीने. संध्याकाळी त्यांनी औषधांच्या दुकानात मास्तरांच्या बायकोला फोन केला. रागावले असते तर बरं, पण ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, ज्यांना माझं घर एवढं वाईट दिसतं त्यांनी तिथे राहू नये. तक्रार मिटली की ते फर्निचरवाल्याला देणार होते.

घरी मग जे व्हायचं ते झालं. मुलीने आईला असं फैलावर घेतलं की भांड्यांवर सोडलेला नळसुद्धा कोणाला बंद करायचं सुचलं नाही. सासूबाई खरोखरच गोंधळल्या होत्या. मी वाईट कुठे म्हटलं, मी तर भाव करत होते, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. भाव पालिकेत करतात का, असं मुलीने विचारलं. त्यावर सासूबाई खाली बसल्या. मास्तर कोपऱ्यात ट्रंपेटच्या पेटीवर बसले होते. महिना संपत आला होता आणि त्यांना जायला जागा नव्हती. पेटीतल्या त्या पितळी वस्तूवर त्यांचा संसार चालला होता आणि तीच आता कुठे ठेवायची हा प्रश्न होता.

मुलीने दुकानातून फोन करून कारकुनांना विचारलं. निरीक्षकांचा अहवाल यायच्या आत तक्रार मागे घेता येत होती. पण तोंडी दाखल झाली म्हणजे मागेही तोंडीच घ्यायची, तीही एकेक बाब घेऊन, घरमालकासमोर. ज्याने नावं ठेवली त्यानेच प्रत्येक गोष्टीची खरी स्थिती सांगायची. नुसतं 'मागे घेते' म्हटलेलं चालत नव्हतं. हे ऐकून सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. विकत घ्यायच्या आधी वस्तूची तारीफ, आणि तीही विकणाऱ्याच्या तोंडावर? असला नादानपणा त्यांनी उभ्या जन्मात केला नव्हता. पण मुलीने त्यांना मास्तर कुठे बसलेत ते नुसतं दाखवलं. सासूबाई उठल्या आणि चष्मा शोधायला लागल्या.

खिडकीवर तिघं उभे राहिले. सुतारकाका काठी टेकून, भिंतीकडे तोंड करून. मास्तर मागे. सासूबाई मध्ये, परीक्षेला बसल्यासारख्या. कारकुनांनी टोकदार पेन्सिल घेतली आणि पहिली बाब वाचली. जिना करकरतो.

सासूबाई म्हणाल्या, बरा आहे. कारकून म्हणाले, बरा ही स्थिती होत नाही. मग त्या म्हणाल्या, पडणार नाही. कारकुनांनी पेन्सिल खाली ठेवली आणि समजावलं, की जो पडणार नाही तो जिना मजबूत असतो, तर तसं म्हणा. "मजबूत" हा शब्द सासूबाईंच्या घशातून मोठ्या कष्टाने बाहेर पडला. त्यांनी चोरून काकांकडे पाहिलं, भाव चढला की काय ते बघायला. काका भिंतीकडेच बघत होते.

खिडक्यांना त्या 'असू देत' म्हणाल्या, ते चाललं नाही. 'उजेड येतो' हे चाललं. दारांपाशी मात्र काय झालं कोणास ठाऊक. कदाचित एकदा धरण फुटलं की फुटलंच. सासूबाई म्हणाल्या, की दार जड आहे कारण लाकूड खरं आहे, आणि बोटाने ढकललं तरी आवाज न करता फिरतं, बिजागरी बसवणाऱ्याचा हात मोठा सफाईचा असला पाहिजे. कारकून लिहू लागले. वरची जमीन उतरती नाही, सपाट आहे. धुराड्याचं विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं, की धुराडं चांगलं उंच आहे, स्वयंपाकघरात उभं राहिलं की मागचं झाड दिसतं, आणि असं झाड दिसणारं स्वयंपाकघर त्यांना कधी मिळालं नाही. उत्तरेची भिंत फुगलेली नाही, जाड आहे. भुयार म्हटलं ती खोली या सगळ्या घरात मोलाची आहे, कारण तिथे वाजवलेलं बाहेर जाणार नाही. आता त्या न विचारता बोलत होत्या आणि कारकूनच त्यांना जरा सावकाश म्हणत होते.

मग शेवटची बाब आली. जावई वाजवतात, त्याने उरलंसुरलं पडेल.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. मास्तर बुटांकडे बघत राहिले.

"जावई चांगले आहेत," त्या म्हणाल्या.

"इमारतीच्या संदर्भात?" कारकुनांनी विचारलं.

"सगळ्याच संदर्भात. पोरं गेली की ते एकटे वाजवतात ना, तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकते. त्यांना माहीत नाही. लिहा तुम्ही."

कारकुनांनी लिहिलं. मास्तरांना एकदम काही दिसेनासं झालं आणि ते रुमाल शोधू लागले. इतकी वर्षं हा माणूस आईंच्या झोपेची चोरी केल्यासारखा आपल्याच घरात चवड्यांवर चालत होता.

काम झालं होतं. तक्रारीवर शिक्का बसला, दाखला तयार झाला. आणि तेवढ्यात सुतारकाका वळले. एवढी स्तुती ऐकून त्या भल्या माणसाला राहवेना. ते कारकुनांना सांगू लागले, की बाई मोठ्या मनाने बोलल्या, पण खोटं कशाला बोला, जिना खरंच करकरतो, तिसऱ्या पायरीपाशी तर. कारकुनांचा हात छापील कागदाकडे गेला.

"काका, बाहेर चला," मास्तर ओरडले.

ओरडले म्हणजे काय, छातीत साठवलेला सगळा दम त्यांनी एका दमात सोडला. काचा थरथरल्या, घोड्यावरचा एक गठ्ठा खाली आला, वरच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. सासूबाईंनी एका हाताने दाखला उचलला, दुसऱ्या हाताने काकांचा दंड धरला आणि दोघांनी मिळून त्यांना काठीसकट बाहेर काढलं. कारकून कागद हातात धरून बघत राहिले, पण वाक्य पुरं झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काही लिहिता आलं नाही.

बाहेरच्या पायऱ्यांवर तिघंही धापा टाकत बसले. दाखला सासूबाईंच्या मांडीवर होता आणि घर मात्र अजून मिळालेलं नव्हतं. काकांनी श्वास आवरला आणि विचारलं, की एवढं सगळं आवडलं होतं तर त्या दिवशी माझ्या घरात तोंड मिटून का हिंडत होतात? एक शब्द बोलला असतात तर मला केवढं बरं वाटलं असतं.

सासूबाईंनी आधी मुलीने घातलेल्या शपथेचं सांगितलं. मग दाखल्याची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि म्हणाल्या, "आवडलं म्हटलं की वस्तू हातची जाते. माझं लहानपणापासून असंच झालंय. म्हणून मी म्हणतच नाही. नावं ठेवली की मिळते. जे नकोच आहे त्याच्याकडे मी बघतसुद्धा नाही हो."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, आधी हळू, मग गदागदा, काठी हातातून सुटेपर्यंत. फर्निचरवाला रोज येऊन घराची वाहवा करायचा, ते म्हणाले, पण त्याने एकदाही दार उघडून-लावून पाहिलं नव्हतं. त्यांनी काठी उचलली आणि मास्तरांना सांगितलं, की सोमवारी सामान घेऊन या. येताना ते पितळेचंही आणा, मागच्या खोलीत कसं वाजतं ते मला जाण्याआधी एकदा ऐकायचंय. मास्तरांनी मान डोलावली. आवाज पुन्हा गेला होता.

"जिना तेवढा मी दुरुस्त करून देतो," काका म्हणाले. "तिसरी पायरी सैल आहे, खोटं नाही."

"नको," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, खिडकी लांब होती. मग जावयाकडे पाहिलं, मग काकांकडे. "राहू दे करकरत. मला तो आवडलाय."

शब्द तोंडातून गेला तसा त्यांनी झटकन दाखला छातीशी धरला आणि कोणी न्यायला येतंय का ते बघत राहिल्या. कोणीच आलं नाही.